बहीण बसत न्हाई

मस्तगड, जालना
१२ जून २०२५

आकांक्षा,

धाकट्या बहिणीला पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो, म्हणून लिहिते. आशीर्वाद. फोन करणार होते, पण फोनवर तू "बोल ताई" म्हणतीस, मागं तुझ्या ऑफिसातलं कुणीतरी इंग्रजीत बोलत राहतं, अन् मला वाटतं मी तुझा वेळ खाऊन राह्यले. कागदावर तू मला मधी तोडू शकत न्हाईस.

दिवाळीपासून आपण बोललो न्हाई. मी काय वावगं बोलले होते ते मला अजून कळलं न्हाई. दादांच्या डोळ्याचं ऑपरेशन तुझ्या कंपनीच्या विम्यात पुण्याला झालं. हसनाबादला दादा येईल-जाईल त्याला काळा चष्मा दाखवायचे अन् म्हणायचे, "लहान्या लेकीनं डोळा दिला." त्या डोळ्यात महिनाभर औषधाचे थेंब कुणी घातले? त्यासाठी मी माहेरी जाऊन राह्यले अन् तुझे दाजी इकडं हातानं भाकरी थापून खात होते. थेंबाचं नाव कुणी काढलं न्हाई. तेवढंच मी बोलून दाखवलं, अन् तू दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग भरून गेलीस. माय मलाच बोलली.

ते जाऊ दे. मला चौथा महिना लागलाय. लग्नानंतर नऊ वर्षांनी. मायनं तुला सांगितलं असेल, तरी माझ्या तोंडून कळावं म्हणून लिहिते.

डॉक्टरीणबाई म्हणतात, गर्भाची वार खाली सरकलेली आहे अन् बीपी वाढून राह्यलंय. ऑपरेशन करावं लागेल, रक्ताची सोय असलेला दवाखाना धरा, बाळाला काचेत ठेवायची वेळ आली तर त्याची बी तयारी ठेवा. सरकारी दवाखान्यात नाव घातलंय. आशाताई येऊन गोळ्या देऊन जातात, प्रेमानं बोलतात. पण खरं सांगू का, मला तुझ्यासारखा दवाखाना पाहिजे. दादांच्या वेळी मी आल्ते तेव्हा पाह्यला तो. पेशंटला नावानं बोलवणारी नर्स, अन् काउंटरवर तू कार्ड ठेवलंस की सगळ्यांचं हसू. त्या दिवसापासून ते कार्ड माझ्या डोळ्यापुढून जात न्हाई.

तुझ्या दाजींच्या मोटारी भरायच्या दुकानाला कसला आलाय विमा. शेतकऱ्याची पंपाची मोटार जळाली, तिच्यात नवी तार भरायची असली की त्यांचं दुकान चालतं, न्हाई जळाली की बसून राहतात.

तू माय-दादांची नावं तुझ्या विम्यात घातलीस. तसं माझं घालता येतं का, एवढं विचारायला हे पत्र. उपकार म्हणून न्हाई. विचारून सांग.

शिवकन्या


२९ जून

आकांक्षा,

पत्राला पत्र तरी पाठवायचं होतंस. मोबाईलवर एक ओळ आली तुझी. "ताई, विचारलं. नवरा, मुलं, आई-वडील चालतात. बहीण बसत नाही."

बहीण बसत न्हाई. दुकानाच्या फळीवर तुझ्या दाजींनी ती ओळ वाचली अन् मोबाईल उलटा ठेवला.

मंग आम्हीच फिरलो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी राधेश्यामभाऊ बसतात, सगळ्या कंपन्यांच्या पॉलिस्या काढतात. त्यांनी चहा सांगितला, कागद काढले, सगळं नीट समजावून दिलं. मी म्हणलं, "चौथा महिना आहे." त्यांनी पेन खाली ठेवला.

"वहिनी, पॉलिसी आत्ता काढून देतो. पण हे बाळंतपण तिच्यात बसणार नाही. कंपनी म्हणते आधी दोन-तीन वर्षं हप्ते भरा, मंग बाळंतपणाचा खर्चा देऊ."

"मंग लेकराला सांगू का, दोन-तीन वर्षं थांब म्हणून?"

ते बिचारे हसले बी न्हाईत. म्हणाले, "लोक याच वेळेला येतात, वहिनी. लग्न झालं की यायला पाहिजे." लग्न झालं तेव्हा मला कोण सांगणार होतं हे? तुला तर नोकरी लागली त्या दिवशीच कार्ड हातात दिलं त्यांनी. तू मागितलं बी नव्हतंस.

नंतर विम्याच्या फोनवरच्या एका पोरीनं मला "मॅम, मॅम" करत अर्धा तास बोलत ठेवलं. महिना किती सांगितला तसा तिचा आवाजच बदलला. मी एका सकाळी एकटीच भोकरदनच्या बसमधून एका बँकेत बी जाऊन आले, तिथं विमा मिळतो असं कुणी म्हणलं होतं. तिथला साहेब चांगला होता, पाणी दिलं. उत्तर तेच दिलं. येताना बसमध्ये एका बाईनं माझ्या पोटाकडं बघून जागा दिली, अन् मला एकदम रडू आलं. सगळ्यांना पोट दिसतं, फक्त विम्यावाल्यांना त्यात लेकरू दिसत न्हाई, आजार दिसतो.

परवा थोडं अंगावर गेलं. रक्त. डॉक्टरीणबाईंनी झोपवून ठेवलंय. मी छताकडं बघत पडले होते तेव्हा माय हसनाबादहून आली. पाणी बी न पिता माझ्या उशाशी बसली अन् हळू आवाजात म्हणाली, "शिवे, मी काय म्हणते, आकूच्या नावानं भरती हो. तुमची चेहरेपट्टी एकच हाय. तिकडं कोण बघून राह्यलंय?"

मी मायला ओळखते. तिला एवढं सुचत न्हाई. मी विचारलं, "हे कुणी सांगितलं?" माय पदर चाळवत बसली. शेवटी म्हणाली, "आकूच म्हणाली. फोनवर. तुझं रक्त गेलं ऐकून रडत होती."

म्हणजे मला न्हाई सांगितलंस. मायला सांगितलंस.

तुझे दाजी दारात उभं राहून ऐकत होते. ते कधी जास्त बोलत न्हाईत, तुला माहीत आहे. ते म्हणाले, "जन्माच्या दाखल्यावर आई आकांक्षा लागंल अन् बाप स्वानंद. मंग मी कोण? मावसा?"

माय म्हणाली, "अहो, मागून बदलून घेता येतं म्हणे."

"कुठं जाऊन बदलायचं? अन् काय सांगायचं?"

 मला ते कार्ड दिसत होतं. अन् कार्डाच्या मागं तू, माझं लेकरू घेऊन उभी. दोन्ही एकदमच दिसत होतं. तुझ्या लग्नाला चार वर्षं झाली, घरात लेकरू न्हाई. ऑफिसचं बघते, इतक्यात नको, असं तू सगळ्यांना सांगत आलीस. मंग आता माझ्या लेकराची एवढी घाई कशाची? मला हे विचारायचं होतं, पण स्वानंदराव गाडी घेऊन येतील असा तुझा निरोप आला अन् मी "बरं" म्हणून बसले.

रक्त बघून माणूस काय बी कबूल करतं. एवढंच माझ्याकडून समजून घे.

शिवकन्या


२० जुलै

आकांक्षा,

पुण्याहून घरी पोचले. स्वानंदरावांनी सारा रस्ता गाडी हळू चालवली, खड्डा आला की आधी सांगायचे, "ताई, सांभाळा."  दारात तुझ्या दाजींनी चहाला थांबवलं, तर "परत लांब जायचंय" म्हणून गाडीतूनच नमस्कार केला. तू त्यांना जे बोलली असशील ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

काउंटरवर काय झालं ते तू पाह्यलंस. तरी मी लिहिते, कारण तू ते तुझ्यासारखं सांगशील अन् माय तुझंच खरं धरंल. पण आदल्या दिवशीचं तुला ठाऊक न्हाई, ते आधी.

तू मला तुझा गाऊन दिलास, तुझी जन्मतारीख पाठ करून घेतलीस, मंगळसूत्र बी तुझं घालायला लावलंस, कार्डावरच्या फोटोत तेच आहे म्हणून. मंग तू भाजी आणायला खाली गेलीस. मला टॉवेल पाहिजे होता. कपाट उघडलं तर खालच्या खणात लेकराचे कपडे. झबली, टोपडी, पायमोजे, एक पिवळं लोकरीचं स्वेटर. सगळं धुऊन, घड्या घालून ठेवलेलं.

मला काय वाटलं असेल? माझ्या घरी मी अजून एक दुपटं काढलं नव्हतं, माय म्हणते सातव्याच्या आत काढू नये. अन् इथं माझ्या लेकराची सगळी तयारी तू करून बसलीस. मला वाटलं, हिला दाखलाच न्हाई, सगळंच पाहिजे.  मी ते स्वेटर हातात घेऊन हॉलमध्ये आले अन् स्वानंदरावांना विचारलं, "हे कधी आणलं?"

ते लॅपटॉपवर काही करत होते. स्वेटर बघून त्यांनी लॅपटॉप मिटला.

"डिसेंबरमध्ये, ताई."

"डिसेंबरमध्ये तर मला दिवस बी नव्हते."

"तुमच्यासाठी नाही आणलं. आम्हालाच बाळ होणार होतं. जानेवारीत गेलं. चौथा महिना संपत आला होता." मंग म्हणाले, "आकांक्षाने कोणालाच सांगू दिलं नाही. तुम्हाला तर मुळीच नाही. आणि हे जे उद्या करायचं चाललंय, त्याला मी नको म्हटलं होतं. कळलं तर तिची नोकरी जाईल. ती ऐकत नाही."

मी स्वेटर होतं तिथं ठेवून आले. तू वर आलीस, मला मेथीची भाजी आवडते म्हणून दोन जुड्या आणल्या होत्यास. मी तुझ्यासमोर बसून ती निवडली. 

आता तू म्हणशील, हे सगळं कळूनसुद्धा दुसऱ्या दिवशी ही तसं वागली. तेच तर मला सांगायचंय. मला तुझी कीव आली, खरंच आली, अन् तरी मला धास्ती वाटली. आधी वाटायचं तुझ्याकडं सगळं आहे, माझ्याकडं फक्त हे लेकरू. आता कळलं की जे माझ्याकडं आहे तेच तुला पाहिजे. अन् ते मी माझ्या पायानं तुझ्या नावावर लिहून द्यायला आल्ते.

काउंटरवरची पोरगी विशीतली असेल. तिनं न बघताच विचारलं, "पेशंटचं नाव?" तू तुझं कार्ड पुढं सरकवलंस अन् माझ्याकडं पाह्यलंस. मला सगळं पाठ होतं.

मी म्हणलं, "शिवकन्या बद्रीनाथ गाडेकर."

तिनं मान वर केली. "कार्डवर आकांक्षा आहे."

तू हसायचा प्रयत्न केलास. "ही घाबरलीये, बहिणीचं नाव सांगतेय."

"कार्ड तिचं हाय," मी म्हणलं. "लेकरू माझं हाय."

तू माझ्या दंडाला धरून मला बाजूच्या खुर्च्यांकडं नेलंस. तिथं तू जे बोललीस ते मी लिहीत न्हाई. "माझी नोकरी पणाला लावली मी तुझ्यासाठी," एवढं तर खरंच होतं. अन् शेवटी तू म्हणालीस, "तू आयुष्यभर माझ्यावर जळत आलीस."

हो. पण त्या दिवशी मी खरं बोलले ते काही मोठी प्रामाणिक आहे म्हणून न्हाई. खोटं बोलायला मी तयार होऊनच आल्ते. जळत होते म्हणून माझ्या तोंडातून माझं नाव निघालं. लोक याला चांगुलपणा म्हणतील तर म्हणू दे, तुला मी फसवणार न्हाई.

तुझं मंगळसूत्र तुझ्या बाथरूमच्या कट्ट्यावर ठेवलंय.

शिवकन्या


१४ सप्टेंबर

आकांक्षा,

तू माझा नंबर बंद केलास. माय म्हणाली, "राहू दे थोडे दिवस." राहू दे. पत्र कुणाला बंद करता येत न्हाई, पोस्टमन दारात टाकूनच जातो. फाडायचं तर फाड, पण फाडायच्या आधी नजर पडंलच.

इकडं एक झालंय. एमआयडीसीत एका सळयांच्या कारखान्यात जगन्नाथभाऊ सुपरवायझर आहेत. त्यांच्या मोटारी तुझे दाजीच भरतात. ते किती वर्षांपासून म्हणत होते, "बद्रीनाथ, आमच्याकडं कायमचा ये." अन् हे दर वेळी म्हणायचे, "मी कुणाच्या शिट्टीवर उठणारा माणूस न्हाई." दुकानाच्या पाटीवर स्वतःचं नाव असणं ही त्यांची एकच चैन. मी पुण्याहून आले त्या आठवड्यात ते स्वतःहून गेले अन् पहिला प्रश्न पगाराचा न्हाई, दवाखान्याचा विचारला.

कामगार विम्यात नाव लागतं. ईएसआय म्हणतात त्याला. पगारातून थोडं कापून घेतात, मालक त्याचा वाटा भरतो, अन् दवाखाना कामगाराचाच न्हाई, बायकोचा बी. मी ऑफिसात जाऊन तिथल्या बाईंना तोंडावर विचारलं, "मला सातवा चालूय. दोन-तीन वर्षं थांबा असं तर म्हणणार न्हाई ना?" त्या म्हणाल्या, "नाव लागलं त्या दिवसापासून दवाखाना तुमचा. बाळंतपण पण." मी त्यांना परत विचारलं. त्यांनी न चिडता परत सांगितलं. जालन्यातल्या ज्या खाजगी दवाखान्याशी त्यांचं जोडलेलं आहे, तिथं रक्ताची सोय आहे, काचेची पेटी बी आहे.

दुकानाची पाटी ह्यांनी स्वतः उतरवली. मी म्हणलं, संध्याकाळी उघडत जा की. ते म्हणाले, "बारा तास भट्टीजवळ राहून आल्यावर हात चालत न्हाई." पाटी पलंगाखाली सरकवली. पहिल्या दिवशी निळा शर्ट घालून, डबा घेऊन निघाले तेव्हा मला त्यांच्याकडं बघवलं न्हाई. तू म्हणशील, तुझ्या कार्डावर झालं असतं तर दुकान राह्यलं असतं. म्हणशील न्हाई, मनात म्हणशील. मी बी म्हणते कधी कधी.

पण आता माझ्याकडं माझं कार्ड आहे. त्याच्यावर माझं नाव आहे, फोटो बरा आला न्हाई. ते आलं त्या दिवशी मी पहिल्यांदा तुझा विचार केला. आनंद व्हायच्या आधी तुला दाखवावं असं वाटलं. हे काय आहे माझं, मला कळत न्हाई. आता तरी सुटायला पाहिजे ना?

अजून एक लिहायचंय. जानेवारीत तू दवाखान्यातून घरी आलीस तेव्हा तुझ्याजवळ कोण होतं? माय नव्हती, मी नव्हते. डिंकाचे लाडू कुणी केले? की कुणीच केले न्हाई? हे रोज भाकरी थापताना डोक्यात येतं. उत्तर नको देऊ.

शिवकन्या


३० नोव्हेंबर

आकांक्षा,

मुलगी झाली हे तुला सांगायची गरज न्हाई. तू तिला बघून गेलीस.

ऑपरेशन ठरल्या दिवशीच झालं. रक्त बरंच गेलं, दोन बाटल्या चढवल्या. पोरगी थोडी पिवळी पडली म्हणून काचेत ठेवली, मंग जल्दीच माझ्याजवळ आणली. पैशाचं कुणी विचारलं न्हाई, कार्ड बघून सही घेतली. नर्स मला "गाडेकर" म्हणून बोलवते. नावानं न्हाई, आडनावानं. चालतं.

मी मायला बजावलं होतं, तुला कळवू नको. तिनं कळवलंच. अन् परवा दुपारी तू आलीस. मायनं मला नंतर सांगितलं, "आकू आल्ती. तू झोपेत होतीस, उठवू नको म्हणाली. तासाभरानं गेली, पाच वाजता मीटिंग होती म्हणे तिची." पुण्याहून एवढं लांब येऊन तासाभरात कुणी जातं का? गाडीत बसून मीटिंग केलीस का?

मी झोपलेली नव्हते.

आधी होते. डोळे उघडले तेव्हा माय डबा धुवायला गेल्ती अन् तू खिडकीशी उभी होतीस, माझ्याकडं पाठ करून. पोरगी तुझ्या खांद्यावर होती. माझ्याजवळ दोन दिवस किरकिर करणारी पोरगी तुझ्या खांद्यावर गप पडून होती. मला कसं झालं ते तुला सांगायला नको, तू मला ओळखतीस. टाके नसते तर उठून घेतली असती तुझ्याकडून. "दे इकडं" हे शब्द ओठावर आल्ते.

तेवढ्यात तू तिच्याशी बोललीस. पुण्याला गेल्यापासून तू आपल्यासारखं बोलत न्हाईस, पण तिच्याशी बोललीस. म्हणालीस, "आईला सांगू नको हां, मी आल्या आल्या तुला उचलून घेतलं म्हणून. तिला राग येतो." ती तोंड फिरवून तुझ्या ड्रेसमध्ये शोधायला लागली. लेकरं शोधतात तशी. तू तिला थोडी लांब धरलीस अन् म्हणालीस, "न्हाई गं बाई. माझ्याकडं न्हाई."

मी डोळे मिटून घेतले.

पोरगी रडायला लागली. माझी छाती दुखून आली, दुधानं अंगावरची चादर भिजली. तू तिला घेऊन इकडून तिकडं फिरत होतीस, काहीतरी गुणगुणत होतीस, तुझी चप्पल फरशीवर वाजत होती. ती गप होईना. मला वाटलं आता तू मला हाक मारशील. तू मारली न्हाईस, अन् मी उठले न्हाई. मी मनात म्हणत होते, अजून थोडा वेळ घे. अन् त्याच वेळी म्हणत होते, पुरं झालं, दे माझी पोरगी. दोन्ही मीच म्हणत होते. शेवटी ती रडून रडून तुझ्याच खांद्यावर झोपली. तू तिला माझ्या कुशीत ठेवलंस, माझ्या अंगावरची चादर सारखी केलीस. चादर ओली होती, तुझा हात तिथं थांबला. मंग तू गेलीस.

तुला कळलं असेल की मी जागी आहे. कळलं नसेल तर आता कळलं.

आकू, माझं जळणं गेलं न्हाई. ती तुझ्याजवळ गप राह्यली हे मी अजून विसरले न्हाई, इतक्यात विसरणार बी न्हाई. पुढच्या रविवारी बारसं आहे, घरच्या घरीच. दादा तुझीच वाट बघतील, माझ्या लेकीपेक्षा तुझी जास्त, अन् मला त्याचा बी राग येईल. तरी ये. स्वानंदरावांना घेऊन ये. आदल्या दिवशीच ये, मीटिंग ठेवू नको. मी तिला तुझ्याकडं देईन, अन् ती कितीबी वेळ तुझ्याजवळ राह्यली तरी मी डोळे उघडे ठेवून बघत बसेन.

डिंकाचे लाडू मायनं माझ्यासाठी केलेत. अर्धे मी तुझ्यासाठी बाजूला काढलेत. तुला उशिरा होऊन राह्यलेत, पण खा.

तुझी,
ताई